मलेरिया : नावात हवा, दोष डासाचा

थंडी वाजून ताप आला की आपण म्हणतो, हिवताप. ‘हीव’ म्हणजे थंडी. संस्कृत ‘हिम’पासून आलेला हा शब्द ‘हिवाळ्या’तही आहे. मराठीने लक्षण पाहून नाव ठेवले. ‘मलेरिया’ हे नाव मात्र चुकीच्या समजुतीतून आले. इटालियन भाषेत ‘माला आरिया’ म्हणजे वाईट हवा. दलदलीतल्या हवेने हा ताप येतो, असे पूर्वी मानत.

२० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी दिसले. आपले शहागडही तेव्हा निजामाच्याच मुलखात होते. पुढे हवेवरचा आळ गेला, नाव तेवढे राहिले.

हा ताप पसरवते ती ॲनॉफिलीस डासाची मादी. ती साचलेल्या, बऱ्याचदा स्वच्छ पाण्यातही अंडी घालते. म्हणून शहागडसारख्या गोदाकाठच्या गावात नदीइतकेच लक्ष घरातल्या रांजणाकडे आणि हौदाकडे हवे. ते आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून कोरडे करावेत. हीव भरून ताप आला, तर अंगावर काढू नये. सरकारी आरोग्य केंद्रात रक्ततपासणी मोफत होते.