आयडिया चोरीला जाईल अशी भीती वाटते? मग वेबची ही गोष्ट वाचा



प्रशिक्षणाला येणाऱ्या लोकांकडून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न भांडवलाचा नसतो. तो असतो, "सर, माझ्याकडे एक जबरदस्त आयडिया आहे, पण कोणाला सांगितली तर चोरणार नाही ना?" तीन-तीन, चार-चार वर्षं लोक ती आयडिया मनात घेऊन फिरतात. दुकान नाही, नोंदणी नाही, पहिला ग्राहक नाही. फक्त आयडिया आणि तिच्यावर रात्रंदिवस पहारा.

म्हणून आज अशा माणसाची गोष्ट सांगतो, ज्याने एक कल्पना जवळपास दहा वर्षं मनात बाळगली आणि नंतर तिची दारं सगळ्या जगासाठी उघडी केली. तुम्ही हा लेख वाचताय तो त्याच कल्पनेच्या जोरावर. माणसाचं नाव टिम बर्नर्स-ली, आणि कल्पना म्हणजे वर्ल्ड वाइड वेब.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. "सगळं फुकट वाटा" असा सल्ला मी देणार नाहीये. बर्नर्स-ली यांना महिन्याला पगार मिळत होता, तुम्हाला बँकेचा हप्ता भरायचा आहे. आपल्याला शिकायचंय ते एवढंच: आयडियातला कोणता भाग मोकळा सोडायचा आणि कोणत्या भागावर कमवायचं.

आधी 'विकेंद्रित' म्हणजे काय?

सोपं उदाहरण घेऊ. तुमचा ईमेल एका कंपनीचा आणि ग्राहकाचा दुसऱ्या कंपनीचा असला तरी मेल पोचतो. कारण मेल पाठवण्याचे नियम सगळ्यांचे सारखे आहेत आणि ते कोणा एकाच्या मालकीचे नाहीत. याउलट एखाद्या मेसेजिंग ॲपवर बोलायचं तर बहुतेक वेळा दोघांकडेही तेच ॲप लागतं.

किंवा आपला आठवडी बाजार बघा. वार ठरलेला, जागा ठरलेली. बाकी कोणी काय विकायचं, काय भावाने विकायचं, हे ज्याचं त्याने बघायचं. नियम थोडे आणि सामायिक, धंदा ज्याचा त्याच्या हातात. विकेंद्रित उद्योगाचा गाभा हाच.

१९८०: कल्पना आली, पण एकाच कॉम्प्युटरमध्ये अडकली

स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर, जिनिव्हाजवळ 'सर्न' नावाची मोठी भौतिकशास्त्र संशोधन संस्था आहे. १९८० साली पंचवीस वर्षांचे बर्नर्स-ली तिथे काही महिन्यांच्या कंत्राटावर आले. संस्थेत कोण काय करतं, कोणता प्रोग्राम कोणी लिहिला, काहीच लक्षात राहीना. म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी 'एन्क्वायर' नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर उडी मारता यायची, म्हणजे आजच्या लिंकसारखंच.

कंत्राट संपलं, ते निघून गेले. प्रोग्राम मागे राहिला आणि पुढे त्याची डिस्कही हरवली. पण डोक्यातली कल्पना काही गेली नाही.

१९८४ मध्ये ते सर्नमध्ये परत आले. समस्या तिथेच होती, उलट वाढली होती. वेगवेगळ्या देशांतले शास्त्रज्ञ, प्रत्येकाचा कॉम्प्युटर वेगळा, प्रत्येकाची फाइल ठेवायची पद्धत वेगळी. त्यात माणसं साधारण दोन वर्षं राहायची आणि निघून जायची. माणूस गेला की माहितीही गेली. तुमच्याकडचा जुना कारागीर काम सोडून गेल्यावर जे होतं, तेच!

बर्नर्स-ली यांच्या लक्षात आलं की एन्क्वायर अपुरं होतं, कारण ते एकाच मशीनवर चालायचं. सगळ्यांची माहिती एका जागी आणा म्हटलं तर कोणी आणणार नाही. प्रत्येकाने आपली माहिती आपल्याकडेच ठेवावी आणि फक्त ती जोडता यावी, असं काहीतरी हवं होतं.

१९८९: साहेब 'हो' म्हणाले नाहीत, 'नाही'ही म्हणाले नाहीत

मार्च १९८९ मध्ये त्यांनी आपला प्रस्ताव लिहून वरिष्ठांना दिला. मध्यवर्ती नियंत्रण नसावं, ही अट त्यात स्पष्ट होती. त्यांचे साहेब माइक सेंडल यांनी त्यावर शेरा मारला की हे जरा मोघम आहे, पण रोमांचक आहे. अधिकृत मंजुरी नाही, निधी नाही. दीड वर्ष असंच गेलं. १९९० मध्ये पुन्हा प्रस्ताव दिला, तेव्हा सेंडल यांनी त्यांना नेक्स्ट कंपनीचा एक कॉम्प्युटर घेऊ दिला. त्यावर त्या वर्षाच्या अखेरीस जगातला पहिला वेब सर्व्हर आणि पहिला ब्राउझर तयार झाला. रॉबर्ट कायो या सहकाऱ्याने संस्थेत या कामाची बाजू लावून धरली.

बघा, मोठी मंजुरी मिळाली नाही म्हणून काम थांबलं नाही. एका मशीनपुरती परवानगी मिळाली, तेवढ्यात त्यांनी चालू नमुना करून दाखवला.

त्यांनी काय हातात ठेवलं आणि काय सोडून दिलं?

इथे नीट लक्ष द्या, कारण सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे.

त्यांनी सगळ्यांसाठी फक्त तीन गोष्टी सारख्या ठेवल्या. एक, प्रत्येक पानाला पत्ता असेल (यूआरएल). दोन, ते पान मागण्याची एकच रीत असेल (एचटीटीपी). तीन, पान लिहिण्याची एक सोपी भाषा असेल (एचटीएमएल). बाकी पानावर काय लिहायचं, सर्व्हर कुठे ठेवायचा, कोणाला लिंक द्यायची, यासाठी कोणाची परवानगी घ्यायची नाही.

याची किंमतही होती. लिंक देऊन एका मजकुरातून दुसऱ्यात जाण्याची कल्पना बर्नर्स-ली यांच्या आधीपासून होती. पण अशा अनेक प्रणालींमध्ये सगळ्या लिंकांची नोंद एका जागी ठेवलेली असायची, म्हणजे एकही लिंक तुटू नये. दिसायला छान, पण प्रत्येक नव्या माणसाला त्या नोंदवहीपाशी यावं लागायचं. बर्नर्स-ली यांनी ती नोंदवहीच काढून टाकली. लिंक तुटली तर तुटली! आपल्याला कधीकधी '४०४' असं लिहिलेलं पान दिसतं ना, ती त्या निर्णयाची खूण. १९९१ साली या विषयाच्या जाणकारांच्या परिषदेने त्यांचा शोधनिबंध घेतला नाही, फक्त प्रात्यक्षिकाला जागा दिली. पण कोणीही, कुठेही, न विचारता जोडला जाऊ शकतो, या एका गुणामुळे वेब पसरलं.

पहिला ग्राहक कसा मिळाला? फोन डिरेक्टरीने!

"जगातलं सगळं ज्ञान जोडू" असं सांगून सर्नमधले लोक वेब वापरायला लागले नाहीत. त्यांना पाहिजे होता फोन नंबर. संस्थेची फोन डिरेक्टरी मोठ्या मेनफ्रेम कॉम्प्युटरवर होती आणि एक नंबर शोधायला तिथे लॉगिन करण्याची कटकट असायची. ती डिरेक्टरी वेबवर आणली आणि लोकांना वेबचा रोजचा उपयोग दिसला.

दुसरं काम तितकंच महत्त्वाचं. पहिला ब्राउझर फक्त नेक्स्टच्या महागड्या मशीनवर चालायचा. निकोला पेलो या विद्यार्थिनीने साध्यात साध्या कॉम्प्युटरवर चालणारा, फक्त अक्षरं दाखवणारा ब्राउझर लिहिला. देखणा नव्हता, पण जो हाताशी आहे त्यावर चालायचा. ग्राहकाकडे जे आहे त्यावर तुमची वस्तू चालली पाहिजे, ग्राहकाला आधी खर्चात पाडून चालत नाही.

३० एप्रिल १९९३: दार उघडलं

त्याच काळात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाची 'गोफर' नावाची प्रणाली जोरात होती. १९९३ च्या सुरुवातीला विद्यापीठाने जाहीर केलं की गोफरचा सर्व्हर वापरणाऱ्या काहींकडून शुल्क घेतलं जाईल. रक्कम किती, हा मुद्दाच राहिला नाही. "उद्या हे आपल्याकडूनही मागतील" या शंकेने लोक बाजूला झाले.

आता सगळे सर्नकडे बघू लागले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने लेखी जाहीर केलं की वेबचं तंत्रज्ञान कोणीही वापरावं, त्यासाठी एक पैसाही द्यायला नको. चित्रं दाखवणारा 'मोझेक' ब्राउझरही त्याच वर्षी आला, त्याचाही वाटा मोठा. पण ज्या पायावर बांधायचं तो उद्या कोणी ओढून घेणार नाही, ही खात्री सर्नच्या त्या कागदाने दिली.

पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, बर्नर्स-ली यांनी अमेरिकेत एमआयटीमध्ये 'वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम' सुरू केलं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या तिथे बसून सामायिक नियम ठरवू लागल्या. म्हणजे त्यांनी मालकी सोडली, पण नियमांची राखण सोडली नाही.

मग पैसे कोणी कमावले?

खरं सांगायचं तर दुसऱ्यांनी. मोझेक बनवणाऱ्यांपैकी मार्क अँड्रीसन यांनी जिम क्लार्क यांच्यासोबत १९९४ मध्ये नेटस्केप कंपनी काढली आणि १९९५ मध्ये ती शेअर बाजारात आलीसुद्धा. नंतर सर्च, दुकानं, सोशल मीडिया, सगळं या मोकळ्या रस्त्यावरच उभं राहिलं. आणि गंमत बघा, मोकळ्या रस्त्यावर मोठे झालेल्यांनी आपापल्या कंपाउंड वॉल बांधल्या. लोकांचे फोटो, ओळखी, खरेदीच्या सवयी मोजक्या कंपन्यांकडे जमा झाल्या. पानं जोडण्याचे नियम सामायिक होते, पण माणसाची माहिती कोणाकडे राहणार याचा नियमच केलेला नव्हता.

ही बोच घेऊन बर्नर्स-ली पुन्हा कामाला लागले. एमआयटीमध्ये त्यांनी 'सॉलिड' नावाचा प्रकल्प सुरू केला. कल्पना अशी की प्रत्येकाची माहिती त्याच्या स्वतःच्या 'पॉड'मध्ये, म्हणजे स्वतःच्या डिजिटल तिजोरीत राहील. ॲपने हवी तेवढी माहिती विचारून घ्यायची आणि परवानगी काढून घेतली की त्याचं बघणं बंद. २०१८ मध्ये, ६३ व्या वर्षी, त्यांनी जॉन ब्रूस यांच्यासोबत 'इनरप्ट' ही कंपनी जाहीर केली.

या वेळची मांडणी बघा. सॉलिडचे नियम खुले आहेत, कोणीही वापरू शकतो. मोठ्या संस्थांना लागणारं पक्कं सर्व्हर सॉफ्टवेअर आणि सेवा इनरप्ट विकते. बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या सरकारने नागरिकांच्या माहितीसाठी या तंत्रावर काम सुरू केलं आहे. पण सॉलिड अजून तुमच्या-माझ्या फोनमध्ये आलेलं नाही. वेबला जशी फोन डिरेक्टरी मिळाली, तसा सामान्य माणसाला रोज लागणारा उपयोग सॉलिडला अजून मिळायचा आहे. वेब ज्याने घडवलं, त्यालाही दुसऱ्या वेळी पहिल्या पायरीपासूनच चढावं लागतंय.

आता तुमच्या आयडियाकडे या

समजा तुमच्या डोक्यात शेतीची अवजारं भाड्याने मिळवून देण्याचा धंदा आहे. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, मळणी यंत्र. स्वतः दहा ट्रॅक्टर घ्यायचे तर कर्जाचा डोंगर. मालक मात्र आधीच गावोगाव आहेत. मग असं करा:

१. सामायिक नियम तीन-चारच ठेवा. भाडं तासावर की एकरावर, डिझेल कोणाचं, बुकिंग रद्द केलं तर काय. बाकी दर ज्याचा त्याला ठरवू द्या.

२. तुमची 'फोन डिरेक्टरी' शोधा. ॲप नंतर बघू. आधी पाच गावांत कोणाकडे कोणतं अवजार आहे आणि आज ते मोकळं आहे का, एवढी यादी रोज ताजी ठेवा. लोक त्यासाठी फोन करतात का ते बघा.

३. हाताशी आहे त्यावर चालवा. शेतकऱ्याकडे साधा फोन असेल तर साध्या फोनवर काम झालं पाहिजे.

४. थोडी अपूर्णता चालवून घ्या. एखादं बुकिंग फसेल. त्यासाठी सगळा कारभार स्वतःच्या मुठीत घेतलात तर मालक सोडून जातील.

५. कमाईची जागा आधीच लिहून ठेवा. यादी मोकळी असू द्या. पण वेळेची हमी, दुरुस्ती, चालक, हिशोब ठेवून देणं, यासाठी पैसे घ्या. आणि शुल्क घ्यायचं असेल तर पहिल्या दिवशी सांगा. मधेच नियम बदलल्यावर गोफरचं काय झालं ते आठवा.

६. माहिती कोणाची, हे कागदावर आणा. मालकांचे आणि शेतकऱ्यांचे नंबर कोण वापरणार, कशासाठी वापरणार, हे सुरुवातीलाच ठरवा. बर्नर्स-ली यांना हे काम पंचवीस वर्षांनी हातात घ्यावं लागलं.

आता चोरीचा प्रश्न. ही यादीची आयडिया तुमच्या शेजाऱ्यालाही सुचू शकते. पण पाच गावांतल्या मालकांचा विश्वास, रोज सकाळी केलेले फोन आणि पाळलेला शब्द त्याला उचलून नेता येत नाही. पहारा द्यायचाच असेल तर त्यावर द्या.

आजचा गृहपाठ: एका कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा, "माझ्या आयडियातलं हे सगळ्यांसाठी मोकळं." उजवीकडे लिहा, "यासाठी मी पैसे घेणार." उजवी बाजू रिकामी राहिली तर ती समाजसेवा झाली, आणि डावी रिकामी राहिली तर कोणी जोडलं जाणार नाही. दोन्हीकडे किमान दोन-दोन ओळी आल्या की या आठवड्यात पाच माणसांना आयडिया सांगा. त्यातल्या एकाने "मला कधीपासून मिळेल?" असं विचारलं की समजा, पहिला ग्राहक दारात आलाय.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत कामाला लागा!