निर्वात नलिकेच्या विवर्धकाचा अंत्य टप्पा

ग्रामोफोनच्या सुईपासून निघणारा विद्युत् संकेत इतका क्षीण असतो की, ध्वनिक्षेपकाचा शंकू त्याने तसूभरही हलत नाही. विवर्धकाचे पहिले टप्पे त्या संकेताचा दाब वाढवितात. शंकू हलविण्याचे श्रम मात्र अखेरच्या नलिकेलाच करावे लागतात. म्हणून घरी विवर्धक बांधणाऱ्याने या टप्प्याची आकडेमोड आधी करावी व मगच डाख देण्यास बसावे.

दिल्लीत पहाडगंज येथे नूतन मराठी विद्यालय आहे. तशा शाळेच्या एका वर्गास गाणे ऐकवावयाचे आहे, असे समजू. त्यास तीन-चार वॅट पुरतात. ईएल ८४ ही बोटाएवढी नलिका त्यासाठी सोयीची. रशिया व स्लोव्हाकिया येथील कारखाने ती आजही बनवितात. तिच्या धनाग्रावर २५० व्होल्ट दाब ठेवला, जालक ऋणाग्राच्या मानाने ७.३ व्होल्ट ऋण राखले आणि ५,२०० ओहमचा भार दिला, तर ५.७ वॅट मिळतात. मात्र त्या वेळी विकृती १० टक्के असते. तेव्हा चार वॅटच्या आत समाधान मानणे बरे.

हे ७.३ व्होल्ट वेगळ्या घटमालेतून आणावे लागत नाहीत. धनाग्राचे ४८ आणि पडदा-जालकाचे ५.५ मिळून ५३.५ मिलिअँपिअर ऋणाग्रातून जातात. तेथे १३५ ओहमचा रोधक घातला की तेवढा दाब आपोआप उभा राहतो.

२५० व्होल्ट आणि ४८ मिलिअँपिअर यांचा गुणाकार १२ वॅट होतो व नलिकेची सहनशक्तीही तेवढीच आहे. गंमत अशी की, गाणे थांबलेले असता ही सारी शक्ती उष्णता होऊन नलिकेतच राहते. गाणे सुरू झाले की तिचा काही भाग ध्वनिक्षेपकाकडे जातो. शांततेत नलिका अधिक तापते!

ध्वनिक्षेपक ८ ओहमचा, नलिकेस हवेत ५,२०० ओहम. हा मेळ रोहित्र घालते. संरोध वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ६५० चे वर्गमूळ सुमारे २५.५, म्हणून द्वितीयकाच्या एका वेढ्यास प्राथमिकाचे साडेपंचवीस वेढे हवेत. येथे वीजपुरवठ्याचे साधे रोहित्र वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा. ४८ मिलिअँपिअरचा प्रवाह एकाच दिशेने वाहत असल्यामुळे फट नसलेला गाभा चुंबकत्वाने संपृक्त होतो आणि तबल्यातील डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो. दोन नलिका परस्परविरुद्ध जोडल्यास हे चुंबकत्व एकमेकांस छेदते. २५० व्होल्टवरच ११ वॅट मिळतात, पण खर्चही वाढतो.

जोडणीच्या संधारित्राकडे नवशिक्याचे लक्ष जात नाही. जालकाचा रोधक ४,७०,००० ओहमचा असेल आणि संधारित्रातून अवघे १० मायक्रोअँपिअर झिरपले, तर जालक ४.७ व्होल्ट धन बाजूस सरकते. मग प्रवाह बेसुमार वाढून धनाग्र लाल होते. तसे दिसताच वीज तोडावी. ध्वनिक्षेपक न जोडता संकेतही देऊ नये; प्राथमिकावर पुरवठ्याच्या कित्येक पट दाब उसळून त्याचे आवरण फुटते.

वीज तोडल्यावरही पुरवठ्याच्या संधारित्रात प्राणघातक भार राहतो. ४७ मायक्रोफॅरडच्या संधारित्रास समांतर २,२०,००० ओहमचा रोधक कायम जोडलेला असला, तर तो भार सुमारे एका मिनिटात ओसरतो. तरीही मापकाने दाब शून्य झाल्याची खात्री केल्यावाचून आत हात घालू नये, आणि विद्यार्थ्यांनी हे काम जाणत्या शिक्षकांसमक्षच करावे.