बिडाचा तवा आणि रक्तातले लोह

लोखंडी भांड्यांचे दिवस पुन्हा आले आहेत. नॉनस्टिकचा थर खरवडून गेला की गृहिणी बिडाचा तवा किंवा लोखंडी कढई घरी आणतात. आणल्यावर दोन तक्रारी ठरलेल्या. एक, तवा गंजतो. दुसरी खरे म्हणजे तक्रार नसून प्रश्न असतो: ‘डॉक्टर, आता कढई घेतली आहे, तर रक्ताच्या गोळ्या बंद केल्या तर चालतील ना?’

चालणार नाही. का ते सांगतो, पण आधी गंजाचे पाहू.

वर्सोव्यासारख्या किनाऱ्यावरच्या वस्तीत लोखंड टिकवणे हे मुळातच कष्टाचे काम. गंज चढायला पाणी आणि हवा पुरते. त्यात खाऱ्या वाऱ्यातले मीठ मिसळले की तो झपाट्याने वाढतो. कोळीवाड्यात मीठ लावलेली मासळी तव्यावर पडते, तेव्हा मीठ घरातूनही येते. पावसाळ्यात तर रात्री धुऊन ठेवलेला तवा सकाळी तांबूस दिसतो. फडक्याने पुसून भागत नाही. धुतल्यावर तवा मंद गॅसवर मिनिटभर ठेवावा, पाण्याचा अंशही उरू देऊ नये आणि कोमट असतानाच तेलाचा बोट फिरवावा. तेल जास्त झाले तर ते चिकट होते आणि त्याला खवट वास येतो.

नवा तवा प्रथम साबणाने घासून, वाळवून, तेलाचा अगदी पातळ हात देऊन धूर येईपर्यंत तापवावा. थंड झाला की पुन्हा तसेच. असे तीन-चार वेळा केले की तेल तापून त्याचा कठीण, काळा थर बसतो. हा थर म्हणजे मळ नव्हे, तेच तव्याचे संरक्षण. काही घरी नव्या तव्यात तांदळाची पेज ठेवतात किंवा कांदा परततात; तेही करावे, पण तेलाचा थर हवाच. बीड ठिसूळ असते. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतले तर तडा जातो, आणि हातातून पडला तर सरळ दोन तुकडे. घडीव लोखंडाचा पातळ तवा मात्र नुसता पोचतो.

गंज चढलाच तर घासून काढावा आणि पुन्हा तेल देऊन तापवावे. भाकरीला चुकून थोडा गंज लागला म्हणून विषबाधा होत नाही. मात्र ‘गंज म्हणजे लोहच, पोटात गेले तर बरेच’ असे म्हणणारेही भेटतात. तो गंज अंगी फारसा लागत नाही. धनुर्वाताचे जंतू गंजात जन्म घेतात हाही गैरसमज आहे. ते मातीत, शेणात असतात. गंजलेला खिळा पायात खोल घुसला की मातीबरोबर ते आत जातात, म्हणून तेव्हा इंजेक्शन घ्यायचे.

आता रक्ताचा मुद्दा. लोखंडी भांड्यातून अन्नात लोह उतरते, हे खरे आहे. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत टोमॅटोच्या सॉसमधले लोह १०० ग्रॅममागे सुमारे ०.६ मिलिग्रॅमवरून ५.८ मिलिग्रॅमपर्यंत गेले. भाकरी-पोळीसारख्या कोरड्या पदार्थांत मात्र ही वाढ किरकोळ असते. आंबटपणा, ओलावा आणि शिजण्याचा वेळ, या तिन्हींवर ते अवलंबून. इथिओपियात लहान मुलांवर झालेल्या आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात वर्षभर लोखंडी भांड्यातले जेवण घेणाऱ्यांचे हिमोग्लोबिन अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यातले जेवण घेणाऱ्यांपेक्षा अधिक वाढले.

म्हणजे गंमत पाहा. तव्याची निगा उत्तम राखली तर काळ्या थरामुळे लोह कमी उतरते; आंबट शिजवले तर लोह उतरते, पण थर जातो आणि चव धातूसारखी लागते. यावर माझा सल्ला साधा आहे. भाकरी, घावन आणि तळलेल्या मासळीचा तवा राखून ठेवावा. टोमॅटोची भाजी किंवा चुका घातलेली पालेभाजी यांसाठी छोटी लोखंडी कढई वेगळी ठेवावी आणि शिजताच पदार्थ स्टीलच्या भांड्यात काढावा. चिंच-कोकमाचे कालवण लोखंडात रात्रभर ठेवू नये. त्याला मातीचे किंवा स्टीलचेच भांडे बरे.

हल्ली बिडाची जपानी किटलीही भेट म्हणून येते. पुष्कळशा किटल्यांना आतून इनॅमल असते, त्यातून लोह मिळत नाही. इनॅमल नसेल तर पाणी उकळावे, चहा नव्हे. चहातले टॅनिन आणि लोखंड मिळून काळेशार पाणी होते. जुन्या काळी याच तऱ्हेने शाई बनवीत. हेच टॅनिन पोटातही लोह अडवते. म्हणून जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबावे. उलट लिंबू पिळले तर लोह शोषायला मदत होते. शिवल्या आणि कालवांत लोह भरपूर असते आणि ते अंगी चांगले लागते. ज्यांच्या ताटात येतात त्यांनी जरूर खावीत.

पण कढई हे औषध नव्हे. मासळी विकणाऱ्या एका ताई जिना चढताना धापा टाकत आल्या. हिमोग्लोबिन ७.८. सहा महिन्यांपूर्वी सुरू केलेल्या गोळ्या त्यांनी ‘आता जेवण लोखंडात करते’ म्हणून सोडल्या होत्या. पाळीत अतिरक्तस्राव होत होता आणि तपासणीत गर्भाशयात गाठी निघाल्या. जितके लोह कढईतून येत होते, त्याच्या कितीतरी पट दर महिन्याला वाहून जात होते. गाठींवर उपचार झाले, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा कुठे चेहऱ्यावर रंग आला.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर कारण शोधलेच पाहिजे: पाळी, जंत, मूळव्याध, पोटातला व्रण. पन्नाशीनंतर पुरुषाचे रक्त कमी होऊ लागले तर आतड्याच्या कर्करोगाचीही तपासणी करावी लागते. गरोदर स्त्रीने सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळ्या कोणत्याही भांड्याच्या भरवशावर सोडू नयेत. त्या मुलांच्या हाती मात्र लागू देऊ नयेत. गोड गोळी समजून मुलाने मूठभर खाल्ल्या तर जीवावर बेतते, तेव्हा उलट्यांची वाट न पाहता तडक इस्पितळ गाठावे.

थॅलेसेमिया मेजरच्या मुलांच्या शरीरात वारंवार दिलेल्या रक्तामुळे लोह आधीच साठलेले असते. त्या घरी लोखंडी कढई वापरण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.