सागरी जलजीवालय

सागरी जलजीवालय : समुद्रातील मासे व अन्य प्राणी जिवंत ठेवण्यासाठी काचेच्या टाकीत केलेली खाऱ्या पाण्याची व्यवस्था. मुंबईत १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय समुद्रकाठीच बांधलेले होते. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील हौशी माणसास मात्र समुद्राचे पाणी नळाच्या पाण्यापासून तयार करावे लागते.

पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचे पाणी शुद्ध करून पुरविले जाते. त्यातील क्लोरीन माशांना घातक असल्याने तो सोडियम थायोसल्फेटाने नाहीसा करतात. नंतर दर लिटरला सु. ३५ ग्रॅ. संमिश्र सागरी लवण विरघळवितात. नुसते खाण्याचे मीठ चालत नाही. कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम व पोटॅशियम यांचीही लवणे असतात. तापमान सु. २६° से. राखतात. उन्हाळ्यात पाणी झपाट्याने आटते. ती तूट गोड्या पाण्यानेच भरतात, कारण लवण वाफेबरोबर जात नाही.

नवी टाकी स्वच्छ दिसते, पण राहण्याजोगी नसते. माशांचे उत्सर्ग व उरलेले अन्न यांपासून विषारी अमोनिया बनतो. वाळू व दगड यांवर वाढणारे सूक्ष्मजंतू त्याचे प्रथम नायट्राइटात व मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटात रूपांतर करतात. हे जंतू पुरेसे वाढण्यास बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट शून्यावर येण्यापूर्वीच मासे सोडण्याची घाई हे नवशिक्यांच्या अपयशाचे नेहमीचे कारण होय. वीज खंडित झाल्यास पाण्याचे अभिसरण थांबून ऑक्सिजन घटतो. म्हणून घटमालेवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवतात.

नाजूक मासे पाण्यापेक्षा उपासमारीने अधिक दगावतात. मँडरीन मासा दिवसभर दगडांवरील सूक्ष्म कवचधारी प्राणी टिपत असतो. ते पुरेसे वाढण्यास टाकी कित्येक महिने जुनी असावी लागते. फुलपाखरू माशांच्या काही जाती केवळ जिवंत प्रवाळावर जगतात; त्या न घेणेच बरे. समुद्रघोड्यास जठर नसल्याने त्याला वारंवार खावे लागते. भारतात २००१ पासून समुद्रघोडे व प्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने ते घरी पाळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आग्नेय आशियात काही मासे सायनाइडाने गुंगवून पकडले जातात. ते वरकरणी धडधाकट दिसूनही पुढे मरतात. विक्रेत्यास मासा समोर खाताना दाखविण्यास सांगण्यात संकोच बाळगू नये.

अन्न न घेणाऱ्या माशास प्रथम आर्टेमियाची जिवंत पिले देतात. याची अंडी खाऱ्या पाण्यात हवा खेळती ठेवल्यास सु. २४ तासांत फुटतात. पिले ताजी असतानाच द्यावीत, कारण त्यांतील पोषक द्रव्ये लवकर घटतात. मासा नियमित खाऊ लागल्यावर त्यांत गोठविलेली बारीक कोळंबी थोडी थोडी मिसळतात व जिवंत खाद्याचे प्रमाण कमी करीत आणतात. दिवसातून अनेकदा, पण काही मिनिटांत संपेल इतकेच अन्न घालतात. उरलेले नळीने ओढून काढतात. पोट खपाटीला गेलेला किंवा पाठीवरचे मांस झडलेला मासा सहसा वाचत नाही.