गुडघेदुखीची गोळी : मेडिकलवाल्याला विचारा

"सिस्टर, ही गोळी आहे म्हणून चार घरची धुणीभांडी होतात," वस्तीतल्या एक मावशी म्हणाल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी कापलेल्या पट्टीचे दोन तुकडे काढले. एक गुडघ्याची, एक कंबरेची. वर बीपीची गोळी रोजची, आणि पोटात सतत जळजळ.

मी त्यांना मेडिकलमध्ये घेऊन गेले. फार्मासिस्टने पाहून सांगितलं, कंपन्या वेगळ्या, पण दोन्हींत औषध एकच : डायक्लोफेनॅक. म्हणजे मावशी दुप्पट डोस घेत होत्या. आधी कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक ही औषधं दुखणं दाबतात, झिजलेला गुडघा भरून काढत नाहीत. महिनोन् महिने घेतली तर पोटात जखम होते, बीपी वाढतं, किडनीला इजा होऊ शकते. शौचाला डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त आलं, तर लगेच दवाखाना गाठा.

डायक्लोफेनॅक डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं औषध आहे. औषध कसं घ्यायचं हे रुग्णाला समजावणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत तसं लिहिलेलं आहे. म्हणून विचारताना संकोच नको. ते उपकार करत नाहीत, तो आपला हक्क आहे.

काउंटरवर एवढं विचारा :
• यात औषध कोणतं? घरातल्या दुसऱ्या गोळीत तेच आहे का?
• बीपी, शुगर, किडनीच्या औषधांबरोबर चालेल का?
• जेवणानंतर घ्यायची का? दिवसाला किती, किती दिवस?
• हेच औषध जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळेल का?

सगळी औषधं शक्यतो एकाच मेडिकलमधून घ्या. जुन्या पट्ट्या सोबत न्या. पट्टी कापून घेतली तर नाव आणि मुदतीची तारीख वहीत लिहून ठेवा, बिल मागा. नाव नसलेली पुडी घेऊच नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड निघाल्याचे प्रकार घडले आहेत.

फार्मासिस्ट डॉक्टरची जागा घेत नाही. दुखणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिलं तर सरकारी दवाखान्यात दाखवा, व्यायाम शिकून घ्या. मावशींची एक गोळी त्याच दिवशी बंद झाली आणि दुसरीसाठी त्या डॉक्टरांकडे गेल्या. आता पोटातली जळजळ कमी आहे. गुडघा अजून दुखतो, पण रोज सकाळी त्या खाटेवर बसून पाय सरळ करायचा व्यायाम करतात.

गोळीसाठी हात पुढे करतो, तसा प्रश्नही पुढे करा.