एकच पोस्ट, अकरा अप्रेझल्स!

परवा माझ्या एका एचआरवाल्या मैत्रिणीला मी एक सीव्ही वाचून दाखवला. नाव गाळून. स्थळ : हिंजवडीतलं कॉफी शॉप. वेळ : तिच्या ऐन अप्रेझल सीझनमधली वैतागलेली संध्याकाळ.

शिक्षण वकिलीचं. जॉइनिंग 1962. एकच पोस्ट, एकच लोकेशन. अप्रेझल साधारण दर पाच वर्षांनी. मध्ये दोनदा घरी बसवलं, दोन्ही वेळा परत त्याच खुर्चीवर बोलावलं. प्रमोशन्स दोन, दोन्ही थोडक्या काळाची. 2019 मध्ये स्वतःहून थांबले, तेव्हा वय 93.

"रिजेक्ट," ती म्हणाली. "अगं, ग्रोथच कुठे दिसत नाही!"

मग मी नाव सांगितलं. गणपतराव देशमुख. चेहरा कोरा. पण 'काय झाडी, काय डोंगार' म्हटल्याबरोबर खुदकन हसली. जून 2022 मध्ये गुवाहाटीहून फोनवर ते बोलणारे शहाजीबापू पाटील सांगोल्याचे आमदार. आणि त्यांच्या आधी याच सांगोल्याने 11 वेळा निवडून दिलेले हे आबासाहेब. एकाच तालुक्याचे दोन आमदार. एक आपल्या मोबाइलची रिंगटोन झाला, दुसरा आपल्याला ठाऊकच नाही. (मलाही नव्हता. मासकॉमला दोन वर्षं घालवून!)

आबासाहेब शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे. हा पक्ष ज्यांनी उभा केला, ते केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे हेसुद्धा पुढे काँग्रेसमध्ये परतले. नंतरही एकेक करत कितीतरी जण गेले. सत्ता तिकडे होती, साखर कारखाने तिकडे होते. जाणाऱ्याला कुणी फार नावंही ठेवली नसती. आबासाहेब गेले नाहीत. 1972 ला हरले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला पुन्हा हरले, तेही अवघ्या 192 मतांनी. हरवलं कुणी? याच शहाजीबापूंनी! 1999 ला परत हजर.

प्रमोशन म्हणजे अर्थातच मंत्रिपद. 1978 ला शरद पवारांच्या पुलोद सरकारात मिळालं, फेब्रुवारी 1980 मध्ये ते सरकारच बरखास्त झालं. 1999 ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात मिळालं, 2002 मध्ये शेकाप सत्तेतून बाहेर पडला आणि हेही बाहेर. बाकी जवळपास सगळी कारकीर्द विरोधी बाकांवर.

आता खरा प्रश्न. इतकी वर्षं विरोधात बसून आमदार करतो तरी काय? सांगोला दुष्काळी पट्ट्यातला. पाऊस बेभरवशाचा, आणि कृष्णेचं पाणी खाली वाहणारं. ते उपसून वर आणल्याशिवाय इलाज नाही. म्हणजे टेंभू, म्हैसाळसारख्या योजना, म्हणजे कोट्यवधींचा निधी, आणि निधीची किल्ली सरकारकडे. विरोधी आमदाराच्या हातात काय? तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्थसंकल्पावरचं भाषण, मोर्चा. नागनाथअण्णा नायकवडींबरोबर दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरवल्या, तिथेही मागणी तीच. तालुक्यात सूतगिरणी काढली, ती मात्र आपल्या हातातली गोष्ट होती.

मैत्रिणीचा पॉइंट इथे मला थोडा पटतो. सत्तेत गेले असते तर पाणी लवकर आलं असतं का? कदाचित. निष्ठेची किंमत फक्त नेता मोजत नाही, त्याचा मतदारसंघही मोजतो, आणि हे कौतुकाच्या लेखांत कुणी लिहीत नाही. पण मग हेही बघा, ती किंमत मोजणाऱ्यांनीच त्यांना 11 वेळा निवडलं. त्यांचं गणित आपण कॉफी शॉपमध्ये बसून कसं चुकीचं ठरवणार?

2019 ला आबासाहेब उभे राहिले नाहीत. नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून 768 मतांनी हरले. जुलै 2021 मध्ये आबासाहेब गेले. 2024 ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शहाजीबापूंना हरवून आमदार झाले. राज्यभरातून निवडून आलेले शेकापचे तेवढे एकच. घराणेशाही? हो, ती इथेही आलीच. आजोबांच्या साधेपणामुळे तिचं नाव बदलत नाही.

साधेपणा म्हणजे एसटी. आबासाहेब मुंबईला अधिवेशनाला एसटीने जायचे, हे त्यांच्याबद्दल सगळेच सांगतात. एसटीत विधानमंडळ सदस्यांसाठी राखीव सीट असते, आपण सगळ्यांनीच ती पाटी वाचलेली आहे. मागे पंढरपूरला जाताना गाडी खचाखच भरली होती. कंडक्टरने मला सरळ त्याच सीटवर बसवलं. मी विचारलं, कुणी आमदार आले तर? तो तिकीट फाडताफाडता नुसता हसला.