आखडलेला खांदा आणि जाणकार हात

फळीवरचा डबा काढता येत नाही, पाठीमागे हात जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या अनेक बंधू-भगिनींची ही तक्रार असते. 'वात आहे', 'वय झालं' असे म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. पण रंगारी, गवंडी किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाईचा हातच वर जाईना, तर रोजी बुडते. म्हणून या वेळी आम्ही आखडलेल्या खांद्याची, म्हणजेच फ्रोझन शोल्डरची माहिती देत आहोत.

खांदा हा उखळीचा सांधा आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा उथळ खोबणीत फिरतो आणि त्याभोवती सैल वेष्टन असते. या आजारात ते वेष्टन सुजते, जाड होते आणि आकसते. आधी दुखणे, मग आखडणे आणि शेवटी हळूहळू मोकळे होणे, असा हा आजार बहुधा एक ते तीन वर्षे चालतो. ओळखण्याची मुख्य खूण अशी, की दुसऱ्याने उचलला तरी हात पुरता वर जात नाही. मधुमेह असणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. म्हणून रक्तातील साखर अवश्य तपासून घ्यावी.

हात वर जाताना हाडाचा माथा खोबणीत थोडा खाली सरकावा लागतो. आकसलेले वेष्टन तो सरकू देत नाही. हे सरकणे आपल्याला स्वतःहून करता येत नाही. फिजिओथेरपिस्ट मात्र हाताने ते करून देतो. मालिशने स्नायू सैल होतात, बरे वाटते, पण सांधा सरकत नाही. फरक इथेच आहे.

ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी या हालचालींच्या पायऱ्या ठरवून दिल्या. दुखणे जास्त असेल तेव्हा हलके झोके देतात. दुखणे ओसरून आखडलेपणा उरला, की हालचालीच्या शेवटच्या टोकापर्यंत दाब देतात. न्यूझीलंडचे ब्रायन मुलिगन यांच्या पद्धतीत उपचारक सांधा सरकवून धरतो आणि रुग्ण स्वतः हात उचलतो. त्या वेळी दुखता कामा नये. म्हणजे जोर लावून हात ओढणे हा उपचार नव्हे.

मात्र टेबलावर मोकळा झालेला खांदा घरी वापरला नाही, तर पुन्हा आखडतो. उपचारकाचे हात वाट मोकळी करतात, चालायचे आपल्यालाच असते. दिवसातून दोन-तीन वेळा एवढे करावे :

१) एका हाताने टेबलाचा आधार घेऊन वाकावे, दुखरा हात लोंबता सोडून सावकाश गोल फिरवावा.
२) भिंतीवर बोटे चालवत हात जमेल तितका वर न्यावा.
३) दोन्ही हातांत आडवी काठी धरून, कोपरे अंगाशी ठेवून, चांगल्या हाताने दुखरा हात बाहेरच्या बाजूला ढकलावा.

थोडा ताण जाणवणे ठीक आहे. रात्रभर ठणका लागला, तर दुसऱ्या दिवशी व्यायाम कमी करावा.

पडल्यावर किंवा मार लागल्यावर खांदा दुखू लागला, ताप-सूज असली, हाताला मुंग्या येऊन ताकद कमी झाली, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखून हातात कळ येत असेल आणि घाम सुटला असेल, तर तडक रुग्णालय गाठावे. केशकर्तनालयात मान मोडून घेण्याची सवय सोडावी. त्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते.

हा उपचार फक्त श्रीमंतांसाठी नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५३ पासून फिजिओथेरपीचे शिक्षण दिले जाते. आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही हा विभाग असतो आणि खर्च कमी येतो. खासगी ठिकाणी जाताना उपचारकाची पदवी आणि नोंदणी विचारावी. विचारण्यात संकोच कसला? शरीर आपले आहे, आणि त्याच हातावर आपले घर चालते.